आईचा होकार



आई आणि मुलगा या विषयावर लिहायला बसले की लेखणी आपोआप गोड होते. आईची माया, आईचा त्याग, आईचे उपकार! असे लेखन या पानावर पुष्कळ येते आणि ते यावेही. परंतु आज ज्या आईची हकिकत आम्ही सांगणार आहोत तिच्याविषयी गोड लिहिता येत नाही. तिने स्वतःही स्वतःविषयी कधी गोड लिहिले नाही. ही बाई चित्रकार होती, शिल्पकार होती, गरिबांच्या डॉक्टरची बायको होती, दोन मुलांची आई होती. त्यांतल्या धाकट्याला, अठरा वर्षांच्या पोराला, लढाईवर जाऊ द्या असे तिने आपल्या तोंडाने नवऱ्याला सांगितले. त्यानंतर ती तीस वर्षे जगली. त्या तीस वर्षांचीच ही हकिकत आहे.

तिचे नाव केटे कोल्विट्झ. जन्म ८ जुलै १८६७, जर्मनीच्या पूर्व टोकाच्या कोनिग्सबर्ग शहरात. (हे शहर आता रशियात आहे आणि त्याचे नाव कालिनिनग्राड आहे.) आईचे वडील युलियस रुप हे धर्मोपदेशक. सरकारमान्य चर्चशी त्यांचे पटले नाही, म्हणून त्यांनी स्वतंत्र मंडळी काढली. वडील कार्ल श्मिट कायदा शिकलेले. परंतु त्यांची मते सरकारला मानवणारी नव्हती. सरकारी नोकरीची वाट बंद झाली तेव्हा त्यांनी गवंडीकाम शिकून घेतले आणि ते घरे बांधू लागले. शिकलेला माणूस हातात थापी घेतो आणि त्याची लाज बाळगत नाही, अशा घरात ही मुलगी वाढली. मुलीच्या हातात कसब आहे हे वडिलांनीच ओळखले. त्या काळी तिकडच्या कला अकादमीत मुलींना प्रवेश नव्हता. वडिलांनी पदरचा पैसा घालून तिला बर्लिनला आणि म्युनिकला मुलींच्या चित्रशाळेत शिकायला पाठविले. पुढे तिने कार्ल कोल्विट्झ या डॉक्टरकी शिकणाऱ्या तरुणाशी लग्न ठरविले तेव्हा या बापाला काळजी पडली ती एकच : आता पोरीचे चित्र सुटणार! आपल्याकडे मुलीच्या बापाला वेगळ्याच काळज्या असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

१८९१ साली लग्न झाले आणि जोडपे बर्लिनच्या उत्तर भागात, कामगार वस्तीत राहायला आले. वाइसेनबुर्गर रस्ता, घर क्रमांक २५. मुंबईतल्या आमच्या वाचकांनी परळ-नायगावच्या चाळी डोळ्यांपुढे आणाव्या. तशाच पाच-पाच मजली भाडोत्री इमारती, आत चौक, चौकाच्या आत आणखी चौक, एकेका खोलीत अख्खे कुटुंब. कार्ल डॉक्टर हे सोशल डेमोक्रॅट पक्षाचे. कामगारांच्या आजारपण-विम्याच्या फंडाचे ते डॉक्टर होते. घरातच दवाखाना आणि घरातच केटेबाईंची चित्रशाळा. दवाखान्यात येणाऱ्या बाया औषध घेऊन झाले की डॉक्टरीणबाईंकडे बसत. नवऱ्याचे पिणे, गेलेले काम, पुन्हा राहिलेले दिवस, दगावलेले मूल, सगळे इथे बोलले जाई. या बायांचे ओढलेले चेहरे, कामाने मोठे झालेले हात आणि जड पोटे केटेबाईंच्या चित्रांत आली. कोणाची कीव करावी म्हणून आपण त्यांना चित्रात घेतले नाही, सुरुवातीला तरी आपल्याला ही माणसे दिसायलाच सुंदर वाटली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. आम्हांस हे फार खरे वाटते. गरिबाकडे बघताना आधी कीव येणाऱ्या डोळ्यांवर आमचा विश्वास बसत नाही.

१८९२ साली हान्स झाला, १८९६ साली पेटर. दोन मुले, दवाखाना, स्वयंपाकपाणी, आणि त्यातून चित्र. घरात मदतीला एक बाई होती म्हणूनच हे जमले, हे लपवण्यात अर्थ नाही. लग्नानंतरच्या याच वर्षांत, १८९३ ते १८९७, त्यांनी विणकरांच्या बंडावर सहा चित्रांची मालिका केली. पहिल्याच चित्रात मागाच्या खोलीत खाटेवर मूल मरणपंथाला लागले आहे आणि आई डोके दोन्ही हातांत धरून बसली आहे. १८९८ च्या प्रदर्शनात परीक्षकांनी या मालिकेसाठी सुवर्णपदकाची शिफारस केली आणि बादशहा दुसऱ्या विल्हेल्मने ती फेटाळली. ज्या बापाला मुलीचे चित्र सुटेल अशी भीती होती, त्याने ही चित्रे घरी पाहिली होती व आनंदाने घर डोक्यावर घेतले होते. पण हे प्रदर्शन भरण्याआधीच तो गेला.

आता एका चित्रापाशी आम्ही जरा थांबतो. साल १९०३. चित्रात एक उघडी बाई मांडी घालून बसली आहे. मेलेले मूल तिने दोन्ही हातांनी छातीशी इतके आवळून धरले आहे, त्याच्या अंगात तोंड असे खुपसले आहे की, ते मूल ती पुन्हा आपल्या पोटात घालू पाहते आहे असे वाटावे. हे चित्र कसे काढले? केटेबाई आरशासमोर बसल्या. मेलेले मूल म्हणून मांडीवर घेतला तो सात वर्षांचा पेटर. एका हाताने पोराचा भार सांभाळायचा आणि दुसऱ्याने कागदावर रेघा ओढायच्या. श्रमाने त्या कण्हू लागल्या तेव्हा मांडीवरच्या ‘मेलेल्या’ पोरानेच आईला धीर दिला की गप्प राहा, चित्र फार छान होणार आहे!

योगायोगाला आम्ही योगायोगच म्हणतो. होणाऱ्या गोष्टीची चाहूल वगैरे आम्ही मानीत नाही. दुसऱ्यांच्या मुलांचे मरण काढून काढून या बाईचा हात तयार झाला होता आणि मॉडेल म्हणून घरचे पोर सोयीचे होते, इतकेच. पण पुढचे ठाऊक असल्यावर हे चित्र साध्या डोळ्यांनी पाहता येत नाही, हेही तितकेच खरे.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. पेटर मित्रांबरोबर नॉर्वेत सुट्टीवर गेला होता, तो परत आला आणि मी स्वखुशीने पलटणीत भरती होतो म्हणू लागला. कायद्याने तो सज्ञान नव्हता, एकवीस पुरी व्हायची होती. बापाची संमती हवी. १० ऑगस्टची संध्याकाळ केटेबाईंच्या रोजनिशीत आहे. कार्ल डॉक्टरांचे म्हणणे सरळ होते : देशाला तुझी गरज असती तर देशाने तुझ्या वयाच्या मुलांना बोलावले असते. पोराने हळू आवाजात पण ठामपणे उत्तर दिले. बाप बधेना. मग पोराने आईकडे पाहिले, नुसते पाहिले. आई उठली. दाराशी दोघे उभे राहिले, तिने त्याला जवळ घेतले, आणि मागे वळून नवऱ्याला विनवले की त्याला जाऊ द्या.

असे का केले असेल? ज्या बाईने उभा जन्म गरिबांच्या घरचे मरण काढले तिला लढाई म्हणजे काय हे कळत नव्हते काय? आम्हांस वाटते, त्या महिन्यात भल्याभल्यांना ते कळत नव्हते. त्यांच्या पक्षाने, कामगारांच्या पक्षाने, पार्लमेंटात लढाईच्या कर्जाला मत दिले होते. शिवाय त्याग ही फार मोठी गोष्ट असे संस्कार आजोबांच्या मंडळीतून आलेले. आणि पोराची ती नजर! जवान मुलाने एखाद्या गोष्टीसाठी आईकडे तसे पाहिले तर नाही म्हणणाऱ्या आया किती निघतील? आमच्या वाचकांतही पलटणीत मुलगा असलेल्या माउल्या आहेत. मुलगा पेटी उचलून फलाटाकडे निघतो त्या वेळी घरात काय होते ते त्यांना आम्ही सांगायला नको.

पेटर ऑक्टोबरच्या मध्यास बेल्जियमच्या आघाडीवर गेला. २२ ऑक्टोबरच्या रात्री डिक्समुइडेजवळ तो पडला. घर सोडून दोन आठवडेही झाले नव्हते. ३० ऑक्टोबरला खबर घरी आली.

त्याची खोली तशीच ठेवली गेली. केटेबाई तिथे जाऊन बसत, फुले ठेवीत. पेटरचे मित्र येत, आणि मग त्या मित्रांतलेही एकेक कमी होऊ लागले. डिसेंबर १९१४ मध्येच त्यांनी ठरविले की पेटरचे स्मारक आपल्या हाताने करायचे. मेलेला मुलगा आडवा, उशाशी बाप, पायाशी आई, अशी पहिली कल्पना. वर्षामागून वर्ष काम चालले. मनासारखे होईना. १९१९ साली त्यांनी ते सोडून दिले, पण पुन्हा येईन असे स्वतःला बजावून.

मधल्या काळात एक गोष्ट घडली, ती महत्त्वाची आहे. ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनी हरत आली तेव्हा डेमेल नावाच्या नामांकित कवीने वर्तमानपत्रातून आवाहन केले की उरल्यासुरल्या पुरुषांनी आणि पोरांनी स्वखुशीने भरती व्हावे. केटेबाईंनी जाहीर पत्राने त्याला उत्तर दिले : पुरे झाले, पुष्कळ मेले, आता एकही नको. पेरायचे बी दळायचे नसते अशा अर्थाची गटेची ओळ त्यांनी पत्राच्या शेवटी घातली. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. दुष्काळातही बियाण्याच्या कणगीला तो हात लावीत नाही. चार वर्षांपूर्वी घरात जो नकार द्यायचा राहिला होता तो त्यांनी भर बाजारात दिला. तो दुसऱ्यांच्या मुलांसाठी होता. स्वतःच्या मुलाला त्याचा उपयोग नव्हता, आणि हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

१९१९ साली प्रशियाच्या कला अकादमीने त्यांना सभासद करून घेतले. मुलींना दार बंद ठेवणाऱ्या अकादमीत निवडून आलेली ही पहिली बाई. मानमरातब मिळाला, प्राध्यापक ही पदवी मिळाली. घरात म्हातारी आई राहायला आली होती. तिची स्मृती गेली होती. आपण अजून लेकुरवाळ्या आहोत असेच ती धरून चाले. ती १९२५ साली गेली. हान्स डॉक्टर झाला, त्याचे लग्न झाले, १९२१ साली मुलगा झाला. त्याचे नाव हान्सने भावावरून पेटर ठेवले. मग जुळ्या मुली, मग आणखी एक मुलगा. मुलाच्या विनंतीवरून आजीबाईंनी आपल्या लहानपणच्या आठवणी लिहून काढल्या. घर पुन्हा भरले.

युद्धावरची सात लाकडी ठशांची मालिका याच वर्षांतली. पहिल्या ठशात एक आई आपले तान्हे मूल दोन्ही हातांवर घेऊन पुढे करते आहे. दुसऱ्यात मरण ढोल वाजवत पुढे चालले आहे आणि पोरे त्याच्या मागे धुंद होऊन निघाली आहेत. मरणाला अगदी खेटून आहे तो चेहरा पेटरचा. पहिला ठसा आणि दुसरा ठसा लागोपाठ ठेवताना या बाईच्या मनात काय असेल याचा वाचकांनीच विचार करावा.

अर्धवट राहिलेले स्मारक त्यांनी १९२५ च्या सुमारास पुन्हा हाती घेतले. जून १९२६ मध्ये नवराबायको बेल्जियमला जाऊन पोराची थडग्यांची जागा पाहून आले. आता आडवा मुलगा स्मारकातून गेला होता. राहिले फक्त आई आणि बाप. दोघेही गुडघे टेकून, पण वेगवेगळ्या चौथऱ्यांवर. मध्ये मोकळी जागा. बाप ताठ, दोन्ही हात काखेत घालून स्वतःलाच आवळून धरलेला. आई वाकलेली, शालीत गुरफटलेली. चेहरे या दोघांचेच. बाप आईकडे पाहत नाही, आई बापाकडे पाहत नाही. ज्याने नको म्हटले होते आणि जिने जाऊ द्या म्हटले होते, ते एका जागी आहेत पण आपापले दुःख आपापल्या अंगात धरून. घरातले तरुण मरण ज्यांनी पाहिले आहे ते आईबाप या पुतळ्यांना लगेच ओळखतील. एकमेकांच्या गळ्यात पडून रडणे पहिल्या दिवशी होते. नंतरची वर्षे अशीच जातात.

पाथरवटांनी ते ग्रॅनाइटमध्ये उतरविले आणि जुलै १९३२ मध्ये रोगेफेल्डेच्या दफनभूमीत बसविले. अठरा वर्षे लागली. पेटरही अठराच वर्षे जगला होता. बसवून झाल्यावर केटेबाई आपल्याच पुतळ्यासमोर उभ्या राहिल्या. पासष्ट वर्षांची बाई. दगडातल्या त्या आईच्या गालांवरून त्यांनी हात फिरविला आणि रडू लागल्या. कार्ल डॉक्टर मागे अगदी जवळ उभे होते. त्यांची चाहूलही लागली नव्हती. ते हळूच इतकेच म्हणाले, हो, हो. रोजनिशीत हे असेच दोन-चार ओळींत आहे. या ‘हो’चा अर्थ काय ते त्या दोघांनाच माहीत.

पुढच्याच वर्षी हिटलर आला. निवडणुकीत डाव्या पक्षांनी एक व्हावे या पत्रकावर केटेबाईंची सही होती, म्हणून अकादमी सोडावी लागली, तिथली चित्रशाळा गेली. डॉक्टर आणि हान्स दोघांच्याही कामावर काही काळ गदा आली. १९३६ साली गुप्त पोलिसांनी घरी येऊन छळछावणीची धमकी दिली. दोघे म्हातारे होते. पकडून नेण्याची वेळ आलीच तर आपण आपला शेवट करू असे त्यांनी ठरवून टाकले. देश सोडून मात्र गेले नाहीत.

चित्रे कोणी मांडू देईना, तरी हात थांबला नाही. २२ ऑक्टोबर १९३७ रोजी, पेटरला जाऊन तेवीस वर्षे झाली त्या दिवशी, त्या एका लहान मूर्तीवर काम करीत होत्या : आई बसली आहे आणि मेलेला मोठा मुलगा तिच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये मिटून पडला आहे. १९०३ च्या चित्रातली आई आक्रोश करीत होती. ही म्हातारी विचार करते आहे. मूर्ती हातभरही उंच नाही. १९९३ साली बर्लिनमधल्या राष्ट्रीय स्मारकात तिची माणसाएवढी मोठी प्रत बसविली गेली. त्यावर तिकडे बराच वाद झाला. मारणारे आणि मारले गेलेले एकाच मूर्तीखाली कसे, असे अनेकांनी विचारले. तो प्रश्न रास्तच आहे. आमचे म्हणणे त्याहून लहान आहे. जे आईने मांडीएवढे केले ते मांडीएवढेच ठेवायला हवे होते.

स्वतःचे चेहरे त्यांनी उमेदीपासून म्हातारपणापर्यंत शंभराच्या आसपास काढले. १९३८ च्या चित्रात बाजूने दिसणारी पाठीत वाकलेली म्हातारी आहे, डोळ्यांखाली पिशव्या, तोंड मिटलेले. एक सुरकुती कमी केलेली नाही.

१९ जुलै १९४० रोजी कार्ल डॉक्टर गेले. एकोणपन्नास वर्षांचा संसार. त्यानंतर केटेबाईंनी ‘निरोप’ नावाची लहानशी मूर्ती केली. तीत एकमेकांना घट्ट धरलेले पुरुष आणि बाई आहेत. रोगेफेल्डेच्या पुतळ्यांत जी मोकळी जागा होती ती इथे नाही. १९४१ संपता संपता त्यांनी शेवटचा मोठा दगडी छाप काढला : एक म्हातारी आपल्या कोटाखाली, हातांखाली तीन पोरांना दाबून धरते आहे. पोरे खट्याळ आहेत, बाहेर पडायला बघताहेत. म्हातारी सोडत नाही. त्याला त्यांनी त्याच बियाण्याच्या ओळीचे नाव दिले.

त्या वेळी नातू पेटर वीस वर्षांचा होऊन शिपाई झाला होता. या वेळी होकार-नकाराचा प्रश्नच नव्हता, सरकारने कोणाला विचारले नव्हते. १४ ऑक्टोबर १९४२ रोजी हान्स आईच्या खोलीत आवाज न करता आला. तो तसा आला यावरूनच आईने ओळखले. २२ सप्टेंबरला पोरगा रशियात पडला होता. एका मुलाची खबर आईने आणि बापाने मिळून झेलली होती. आता पंचाहत्तराव्या वर्षी ती आपल्या उरलेल्या मुलाकडे पाहत होती, आणि तो आता तिच्याच जागी उभा होता.

१९४३ च्या उन्हाळ्यात बॉम्बहल्ल्यांमुळे त्यांना बर्लिन सोडावे लागले. २३ नोव्हेंबरला वाइसेनबुर्गर रस्त्यावरचे घर जळाले; बावन्न वर्षांचे घर, त्यात पेटरची खोली, पत्रे, कितीतरी चित्रे. आधी नॉर्डहाउझेन, मग १९४४ पासून ड्रेस्डेनजवळ मॉरिट्सबर्ग, परक्याच्या आसऱ्याने दिलेल्या खोल्या. नात युट्टा शेवटी सोबतीला होती. २२ एप्रिल १९४५ रोजी केटेबाई गेल्या. लढाई संपायला सोळा दिवस राहिले होते.

हान्सने आईची रोजनिशी आणि पत्रे निवडून १९४८ साली छापली. सबंध रोजनिशी १९८९ साली आली, ती युट्टाने संपादित केली. १० ऑगस्ट १९१४ ची ती संध्याकाळ आपल्याला कळते ती केटेबाईंनी ती स्वतः लिहून ठेवली, पुढच्या सगळ्या वर्षांत फाडली नाही, आणि मुलानातीनेही झाकली नाही म्हणून. आपल्या घरांतून मोठ्या माणसांच्या मागे त्यांचे कागद कसे चाळले जातात आणि काय काय चुलीत जाते ते आम्ही पाहिले आहे.

रोगेफेल्डेची थडगी पुढे १९५० नंतरच्या काळात जवळच्या व्लाड्स्लो येथे हलविली. पेटरबरोबर आईबापाचे पुतळेही गेले. आणि नातू पेटर जिथे पडला त्या रझेव शहराजवळच्या जर्मन दफनभूमीत २०१४ साली त्याच पुतळ्यांच्या प्रती बसविल्या आहेत. आजी-आजोबा तिथेही गुडघे टेकून आहेत, मध्ये तेवढीच मोकळी जागा सोडून.